बर्ड फ्लू, पाहुणे पक्षी आणि येरळेचे खोरे

दिवाळी सरली की सातारा जिल्ह्यातील मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी आणि सांगली जिल्ह्याच्या सीमेवरील राजेवाडी येथील जलाशयांवर पाहुण्या पक्ष्यांची वर्दळ सुरू होते. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, भुवई बदक यांचे थवे उथळ पाण्यात उतरतात. पक्षीमित्रांसाठी हा हंगाम पर्वणीचा असतो. याच जलाशयांच्या परिसरात खटाव, माण, खानापूर, कडेगाव, आटपाडी या तालुक्यांतील शेतकऱ्यांची कुक्कुटपालनाची शेडही उभी आहेत. त्यामुळे देशात कोठेही बर्ड फ्लूची बातमी आली, की या भागात तळ्यावरच्या पक्ष्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागते.

हा संशय सर्वस्वी निराधार नाही. परंतु तो पूर्ण सत्यही नाही. वन्य पक्षी बर्ड फ्लूचा विषाणू एका देशातून दुसऱ्या देशात नेऊ शकतात, हे आता निःसंशय सिद्ध झाले आहे. मात्र तळ्यात पोचलेला विषाणू कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरतो आणि एका शेडमधून दहा शेडमध्ये पसरतो, तेव्हा त्या प्रवासातील मोठा वाटा माणसाचा असतो. हा फरक समजून घेतला, तर पक्षी आणि पोल्ट्री या दोहोंचे रक्षण करता येते.

विषाणूची ओळख

बर्ड फ्लू हा इन्फ्लुएन्झा 'ए' गटातील विषाणूंमुळे होणारा रोग आहे. या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज अशी दोन प्रकारची प्रथिने असतात. त्यांच्या आद्याक्षरांवरून 'एच' आणि 'एन' ही नावे आली आणि उपप्रकारांना क्रमांक मिळाले. एच५एन१, एच५एन८, एच९एन२ ही नावे त्यातूनच तयार झाली.

रानबदके, कुरव, सुरय यांसारखे पाणपक्षी हे या विषाणूंचे नैसर्गिक आश्रयस्थान आहे. बदकाच्या आतड्यात विषाणू वाढतो, विष्ठेतून पाण्यात मिसळतो आणि त्याच पाण्यात चरणाऱ्या दुसऱ्या बदकाच्या पोटात जातो. हे चक्र दीर्घकाळ चालत आले असून बहुतेक वेळा बदक आजारीही पडत नाही. अशा विषाणूंना 'सौम्य' विषाणू म्हणतात. त्यांतील एच५ आणि एच७ या गटांतील विषाणू जेव्हा एकाच जागी दाटीवाटीने ठेवलेल्या हजारो कोंबड्यांमध्ये शिरतात, तेव्हा त्यांच्यात बदल होऊन ते 'अतिमारक' बनू शकतात. अतिमारक विषाणू कोंबडीच्या जवळजवळ सर्व अवयवांत पसरतो आणि एक-दोन दिवसांत कळपच्या कळप मरून पडतो. म्हणजेच मूळ विषाणू रानबदकांचा असला, तरी त्याचे मारक रूप प्रामुख्याने पाळीव पक्ष्यांच्या दाटीतून घडत आले आहे.

आज जगभर धुमाकूळ घालणाऱ्या एच५एन१ विषाणूचा पूर्वज १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात पाळीव हंसांमध्ये सापडला. पुढील वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना त्याची लागण झाली आणि त्यांतील ६ जण दगावले. पक्ष्यांचा हा विषाणू थेट माणसाचा जीव घेऊ शकतो, हे जगाला तेव्हा प्रथम कळले.

पाहुणे येतात कोठून?

जगातील स्थलांतरित पक्ष्यांचे काही ठरावीक आकाशमार्ग आहेत. भारत 'मध्य आशियाई आकाशमार्गा'वर येतो. सायबेरियापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या या मार्गात ३० देशांचा समावेश होतो. उत्तरेकडील सरोवरे गोठू लागली की पक्षी दक्षिणेकडे निघतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राच्या पठारावर पोचतात. मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा परतीचा प्रवास सुरू होतो.

या प्रवाशांमध्ये पट्टकदंब या हंसाचे स्थान विशेष आहे. मंगोलिया, तिबेट आणि चीनमधील छिंगहाई सरोवराचा परिसर येथे त्याची वीण होते आणि हिमालय ओलांडून तो भारतात हिवाळा काढतो. उपग्रहाद्वारे माग काढताना तो सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याचे आढळले आहे. मंगोलियात गळ्यात पट्टी घातलेले पट्टकदंब दक्षिण भारतातील तळ्यांवर दिसल्याच्या नोंदी आहेत.

पाण्यावर दिसणारा प्रत्येक पक्षी मात्र परदेशी नसतो. मायणी आणि येरळवाडीचे नाव ज्यांच्यामुळे सर्वदूर झाले, ते रोहित पक्षी म्हणजेच फ्लेमिंगो 'सायबेरियाचे पाहुणे' म्हणून ओळखले जातात. ही समजूत चुकीची आहे. भारतात रोहित पक्ष्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. हळदी-कुंकू बदक, वारकरी, बगळे यांसारखे अनेक पाणपक्षी तर वर्षभर येथेच राहतात. बर्ड फ्लूच्या बातमीबरोबर रोहित पक्ष्यांचे छायाचित्र छापण्याचा प्रघात पडल्याने हा निष्कारण गैरसमज वाढला आहे.

पक्षी विषाणू कसा नेतात?

अतिमारक विषाणूची लागण झालेला पक्षी हजारो किलोमीटर कसा उडेल, असा प्रश्न सुरुवातीच्या काळात अनेक शास्त्रज्ञांनी उपस्थित केला होता. आजारी पक्षी दूर जाण्यापूर्वीच मरेल, असा त्यांचा तर्क होता. २००५ च्या घटनेने या तर्काला धक्का बसला. त्या वर्षी छिंगहाई सरोवरावर सहा हजारांहून अधिक वन्य पक्षी एच५एन१ मुळे मृत्युमुखी पडले आणि त्यांत पट्टकदंबांची संख्या मोठी होती. पुढील काही महिन्यांत त्याच वंशाचा विषाणू रशिया, युरोप आणि आफ्रिकेत आढळला.

याचे स्पष्टीकरण दोन गोष्टींत मिळते. पहिली म्हणजे सर्व जातींचे पक्षी सारखे आजारी पडत नाहीत. हंस आणि पट्टकदंब दगावतात. तर काही जातींची रानबदके बाह्य लक्षणे न दाखवता अनेक दिवस विषाणू बाहेर टाकत राहतात. दुसरी गोष्ट अशी, की एकाच पक्ष्याने सगळे अंतर कापण्याची गरज नसते. स्थलांतर टप्प्याटप्प्याने होते. एका तळ्यावर लागण झालेले बदक पुढच्या मुक्कामाच्या पाण्यात विषाणू सोडते, तेथे दुसऱ्या थव्यातील बदक तो घेते आणि पुढे निघते. पूर्वी डाकेची थैली एका हरकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात असे, तसाच हा प्रवास असतो.

एच५एन८ विषाणूच्या २०१४-१५ मधील जागतिक प्रसाराचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थलांतरित रानपक्ष्यांनी हा विषाणू पूर्व आशियातून उत्तरेकडील वीणस्थानांमार्गे युरोप आणि उत्तर अमेरिकेत नेला, असा निष्कर्ष त्यात निघाला. २०२१ नंतर याच कुळातील एच५एन१ विषाणूने अटलांटिक महासागर ओलांडला, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांबरोबर हजारो समुद्रसिंहांचा बळी घेतला आणि २०२३ मध्ये तो अंटार्क्टिक प्रदेशाच्या उंबरठ्यावर पोचला. २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गायींमध्येही तो आढळला.

विषाणू पाण्यात किती काळ टिकतो, हे तापमानावर अवलंबून असते. शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास तो तीस दिवसांहून अधिक काळ तग धरतो, तर बावीस अंशांच्या पाण्यात साधारण चार दिवस. आपल्याकडील तळी उत्तरेच्या सरोवरांइतकी थंड नसतात, ही जमेची बाजू आहे. परंतु रोज ताजी विष्ठा पाण्यात पडत असेल, तर चार दिवसही पुरेसे ठरतात.

नवापूरचा अनुभव

भारतात कोंबड्यांमध्ये एच५एन१ ची पहिली नोंद महाराष्ट्रातच झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे मोठ्या संख्येने कोंबड्या मरू लागल्या. सुरुवातीला ती राणीखेत म्हणजे मानमोडी असावी असा समज होता. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केल्यावर परिसरातील लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. त्यानंतर जळगाव जिल्ह्यातही रोग आढळला. तेथील विषाणू छिंगहाईच्या वंशातील असल्याचे जनुकीय तपासणीत दिसले. तो नवापूरच्या शेडपर्यंत पक्ष्यांमार्फत पोचला की व्यापारामार्फत, हे मात्र निर्विवादपणे सिद्ध झाले नाही. संशयितांच्या तपासणीत कोणत्याही माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही.

नवापूर सांगलीपासून चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. सांगली-साताऱ्यात तेव्हा रोगाची नोंद नव्हती. तरीही चिकन आणि अंड्यांची मागणी राज्यभर कोसळली आणि विटा परिसरासह सर्वत्र कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले. कोंबडीला खाद्य घालावे तर पैसा नाही, विकावी तर गिऱ्हाईक नाही, अशी स्थिती झाली. या भागापुरते बोलायचे, तर तेव्हाचे नुकसान विषाणूने नव्हे, भीतीने केले होते.

२०२०-२१ च्या हिवाळ्यात चित्र वेगळे होते. हिमाचल प्रदेशातील पोंग धरणाच्या जलाशयावर डिसेंबरअखेरीपासून हजारो पक्षी मरून पडले आणि त्यांत पट्टकदंब सर्वाधिक होते. राजस्थान आणि मध्य प्रदेशात कावळे मेले; केरळमध्ये पाळीव बदके दगावली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे आठशे कोंबड्यांच्या मृत्यूनंतर राज्यात रोगाची पुष्टी झाली. सातारा जिल्ह्यासह अन्य काही जिल्ह्यांतही त्या हंगामात बाधित कोंबड्या आढळल्या. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने दगावले. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळ्यांमध्ये आणि रायगड जिल्ह्यातील उरणजवळच्या चिरनेर येथे कोंबड्यांमध्ये रोगाचे निदान झाले.

या सर्व घटना हिवाळ्यातील आहेत. स्थलांतराचा काळ आणि रोगाचा काळ जुळतो, हे यातून दिसते. परंतु काळ जुळला म्हणून प्रत्येक शेडमधील रोग थेट आकाशातून आला, असे म्हणता येत नाही. पश्चिम बंगालमध्ये २००८ साली हा रोग काही आठवड्यांत राज्याच्या बहुसंख्य जिल्ह्यांत पसरला. परसातील कोंबड्या, त्यांची ने-आण आणि खेडोपाडीचे बाजार ही त्या प्रसाराची मुख्य वाट होती.

जुना संशय, जुना धडा

पक्ष्यांवर अशा रोगप्रसाराचा संशय येण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे आणि माणसे एका अनोळखी तापाने मरू लागली. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्या रोगाचा विषाणू शोधला. तो सायबेरियातील ओम्स्क येथील तापाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाल्याने स्थलांतरित पक्ष्यांनी तो आणला असावा, अशी शंका पुढे आली.

ही शंका तपासण्याच्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ मध्ये पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. त्याचे नेतृत्व डॉ. सलीम अली यांच्याकडे होते. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचे सिद्ध झाले नाही. 'माकडताप' गोचिडींमार्फत स्थानिक जंगलातच टिकून राहतो, हे स्पष्ट झाले. परंतु या कामातून भारतातील पक्ष्यांच्या स्थलांतराची मोलाची माहिती हाती आली. बर्ड फ्लूच्या बाबतीत संशय बऱ्याच अंशी खरा ठरला, माकडतापाच्या बाबतीत तो टिकला नाही. दोन्ही वेळा निर्णय झाला तो नमुने तपासून आणि नोंदी ठेवून.

तळे आणि शेड यांमधील दुवा

येरळा नदी खटाव तालुक्यात उगम पावते आणि खानापूर, कडेगाव, तासगाव, पलूस या भागांतून वाहत ब्रह्मनाळ येथे कृष्णेला मिळते. हा मुलूख मूळचा दुष्काळी. पावसाच्या भरवशावरील शेतीला जोड म्हणून येथील अनेक कुटुंबांनी कुक्कुटपालन स्वीकारले. विटा आणि खानापूर परिसर तर अंडी उत्पादनासाठी ओळखला जातो. टेंभू आणि उरमोडी योजनांचे पाणी आल्यानंतर पूर्वी कोरडे पडणारे काही तलाव भरू लागले. पाणी आले की पक्षीही येतात. मायणी परिसरातील तलावांना २०२१ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. अशा प्रकारे पाणथळी आणि पोल्ट्री हे दोन्ही या खोऱ्याचे वैभव शेजारी-शेजारी नांदत आहे.

चक्रवाक किंवा थापट्या बदक कोंबड्यांच्या शेडमध्ये जात नाही. विषाणूला मधला दुवा लागतो. कावळे, बगळे, साळुंक्या, चिमण्या हे पक्षी तळे आणि वस्ती या दोन्ही ठिकाणी वावरतात. तळ्यावर चरायला सोडलेली पाळीव बदके आणि परसातील कोंबड्या दुसरा दुवा ठरतात. तलावातील पाणी तसेच शेडमध्ये पाजले जाते, तेव्हा तिसरा दुवा तयार होतो. चिखलाने माखलेली पादत्राणे, मोटारसायकलची चाके आणि एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये फिरणारे कामगार हा चौथा.

यापुढील प्रसार तर सर्वस्वी माणसाच्या हाती असतो. न धुतलेले क्रेट, परत येणारे अंड्यांचे ट्रे, खाद्याच्या जुन्या गोण्या, कोंबडीखताची वाहतूक आणि मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकण्याची सवय यांमुळे विषाणू जितक्या वेगाने पसरतो, तितका तो कोणत्याही बदकामुळे पसरत नाही. रोगाची कुणकुण लागताच उरलेल्या कोंबड्या घाईने विकून टाकणे हा त्यांतील सर्वांत घातक प्रकार होय.

खबरदारी कोणती?

शेडला बारीक जाळी असावी आणि वन्य पक्ष्यांना खाद्य व पाणी यांपर्यंत पोचता येऊ नये. तलावाचे पाणी वापरायचेच असेल, तर त्यात क्लोरीन मिसळून ते निर्जंतुक करावे. शेडमध्ये वापरायची पादत्राणे वेगळी ठेवावीत आणि दाराशी जंतुनाशकाची व्यवस्था असावी. कोंबड्या आणि बदके एकत्र पाळू नयेत. बाहेरून आलेली वाहने व क्रेट धुतल्याशिवाय आत घेऊ नयेत. परसात दहा-बारा गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांनीही हिवाळ्यात त्या तळ्याकाठी सोडू नयेत.

कोंबड्या अचानक मोठ्या संख्येने मरू लागल्या, तुरा व गलोल निळसर पडले, डोके सुजले किंवा अंडी एकदम घटली, तर ती मानमोडीच असेल असे गृहीत न धरता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला तातडीने कळवावे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या २००९ च्या कायद्याने अशी माहिती देणे पशुपालकावर बंधनकारक केले आहे. नमुने पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभागामार्फत भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेकडे जातात. रोगाची पुष्टी झाल्यास एक किलोमीटर परिघातील पाळीव पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवली जाते.

नुकसानभरपाईचा नियम येथे महत्त्वाचा आहे. केंद्र आणि राज्य सरकार निम्म्या-निम्म्या वाट्याने ती देतात. परंतु ती प्रशासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी मिळते, आधीच रोगाने मेलेल्या पक्ष्यांसाठी नाही. त्यामुळे रोग लपवून ठेवणारा शेतकरी प्रत्येक दिवसागणिक स्वतःचेच नुकसान वाढवतो आणि शेजाऱ्यालाही संकटात लोटतो.

तळ्यावर मृत पक्षी आढळल्यास त्याला हात न लावता वन विभागाला किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवावे. फटाके वाजवून, दगड मारून पक्ष्यांना हुसकावणे हा उपाय नव्हे. बिथरलेला थवा दुसऱ्या तळ्यावर जाऊन बसतो आणि विषाणू असलाच तर तोही सोबत नेतो. उलट मृत पक्षी ही पहिली सूचना असते. पोंगच्या पट्टकदंबांनी आणि उदगीरच्या कावळ्यांनी ती दिली. तळ्यावर नियमित जाणारे पक्षीमित्र आणि मासेमार अशी सूचना सर्वांत आधी देऊ शकतात.

खाणाऱ्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. सत्तर अंश तापमानाला नीट शिजवलेल्या मांसात किंवा अंड्यात हा विषाणू जिवंत राहत नाही. धोका असतो तो आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातांनी हाताळणाऱ्यास. भारतात एच५एन१ मुळे माणसाचा पहिला मृत्यू जुलै २०२१ मध्ये नोंदला गेला. हरियाणातील अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीत दगावला. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील दोन वर्षांच्या बालिकेचा मृत्यू झाला. माणसातून माणसात हा विषाणू सहजासहजी पसरत नाही. पण लागण झाली तर ती जीवघेणी ठरू शकते. २००३ पासून जगात नोंदल्या गेलेल्या साडेनऊशेहून अधिक रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत.

स्थलांतरित पक्ष्यांचे येणे थांबवता येणार नाही आणि थांबवण्याचा विचारही करू नये. हजारो वर्षांच्या वाटेने ते येतात, दोन-चार महिने राहतात आणि उन्हाळा तापू लागला की परत जातात. त्यांच्या मुक्कामाच्या काळात शेडची जाळी शाबूत ठेवणे, पाणी निर्जंतुक करणे आणि पहिल्या मृत कोंबडीची खबर वेळेवर देणे या गोष्टी मात्र येरळाकाठच्या प्रत्येक कुक्कुटपालकाला करता येण्याजोग्या आहेत. त्या केल्या, तर मायणीच्या तळ्यावरील थवे आणि विट्याच्या माळावरील पोल्ट्री या दोघांनाही एकाच खोऱ्यात सुखाने राहता येईल.